संकेतशब्द बरोबर, तरी दार बंद

गेल्या चैत्रात, आंब्याच्या पेट्यांची धांदल ऐन भरात असताना, रत्नागिरीतील एका स्नेह्यांच्या पेढीवर विचित्र पेच उभा राहिला. हिशेबाचा सर्व्हर पेढीतच ठेवलेला. त्यावरील खातेवही वाशीच्या बाजारात बसणाऱ्या चिरंजीवांना मोबाइलवर दिसावी, अशी व्यवस्था नुकतीच केलेली. परंतु ॲप त्यांना आत घेईना. ‘लॉगिन अयशस्वी’ एवढेच उत्तर! संकेतशब्द तीनदा बदलून झाला, ॲप काढून पुन्हा घातले. शेवटी कोणी संकेतशब्द परस्पर बदलला काय, म्हणून संशय वृद्ध मुनीमजींवर गेला. पेढीतील संगणकावर मात्र तेच खाते निमूट उघडत होते.

त्याचे कारण साधे होते. संगणकावर ब्राउझरने दिलेली धोक्याची सूचना पहिल्याच दिवशी कोणीतरी ‘तरीही पुढे जा’ म्हणून ओलांडली होती. ॲपमध्ये अशी पळवाट बहुधा नसते. सर्व्हरचे प्रमाणपत्र पटले नाही, तर ते संकेतशब्द पाठविण्यापूर्वीच संबंध तोडते. संकेतशब्द चुकला नव्हता. तो सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नव्हता.

ते प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच स्वतःच्या सहीने केलेले होते. आपल्या वाडवडिलांना यातील उणीव चटकन उमगली असती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, आणि हुंडी खोटी निघाल्यास ते परत करण्याची जबाबदारीही त्याचीच असे. अनोळखी इसमाने ‘मीच शाह’ म्हणून भागत नसे. मोबाइलमध्येही अशा पतदार प्रमाणन संस्थांची यादी असते. त्यांची पतही कायमची नव्हे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले, तेव्हा तिची अधिकारपत्रे रद्द करण्यात आली होती.

आपल्याकडे असे घडल्यास प्रथम मोबाइलची तारीख व वेळ पाहावी. ती चुकीची असेल, तर खरे प्रमाणपत्रही मुदतबाह्य भासते. मग सर्व्हरचा पत्ता मोबाइलच्याच ब्राउझरमध्ये उघडावा. तेथे सूचना आली, तर दोष प्रमाणपत्राचा समजावा. प्रमाणपत्र एका नावाचे आणि ॲपमध्ये भरलेला पत्ता नुसत्या आकड्यांचा, असेही पुष्कळदा आढळते.

स्नेह्यांच्या तंत्रज्ञाने तपासणीच बंद केलेले ॲप देऊ केले होते. ते त्यांनी नाकारले, हे उत्तम झाले. तसे ॲप स्थानकावरील फुकट वायफायवर मध्येच बसलेल्या कोणत्याही भामट्याला आपला सर्व्हर समजून संकेतशब्द देऊन मोकळे होईल. स्वतःचे प्रमाणपत्र प्रत्येक मोबाइलमध्ये बसविण्याचा मार्ग आहे, पण तो किचकट. अँड्रॉइडच्या ७व्या आवृत्तीपासून ॲपकर्त्याने मुभा दिल्याखेरीज ॲप ते मानत नाही. आयफोनवर ते बसविल्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन त्यावर पूर्ण विश्वासाची संमती वेगळी द्यावी लागते.

अखेरीस पेढीच्या नावे डोमेन घेतले आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचे विनामूल्य प्रमाणपत्र बसविले. त्याची मुदत ९० दिवसांची. नूतनीकरण आपोआप होईल अशी तजवीज त्याच दिवशी करून ठेवली. ॲपमध्ये आकड्यांऐवजी नाव भरताच वाशीहून पहिल्याच प्रयत्नात खातेवही उघडली. मुनीमजींपाशी चार शब्द बोलणे मात्र अद्याप राहूनच गेले आहे.