कविता जपायची तर मुखपृष्ठासकट

काही महिन्यांपूर्वी वरठीहून निघून नागपूरच्या एका ग्रंथालयात जाण्याचा योग आला. सोबत पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. अरुण कोलटकरांचे ‘जेजुरी’ तिने झेरॉक्स प्रतीवर वाचले होते. मूळ पुस्तक एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच तिची इच्छा. पुस्तक मिळाले. हिरव्या रेक्झिनची भक्कम बांधणी होती, पाठीवर दाखल क्रमांक होता, आत तीन-चार शिक्के होते. नव्हते ते फक्त मुखपृष्ठ. चौकशी केली तेव्हा ग्रंथपालांनी प्रांजळपणे सांगितले, ‘बांधणीला देताना ते काढूनच टाकतात, सर. नाहीतरी ते फाटतेच.’ बांधणीवाल्याने कडा सारख्या करताना पानांचा समासही दोन बोटे छाटला होता.

यात कोणा एकाचा दोष नाही. पुस्तक टिकावे या सद्हेतूनेच ते घडले, आणि राज्यातील बहुसंख्य वाचनालयांत वर्षानुवर्षे हेच घडत आले आहे. परंतु या सद्हेतूने नेमके काय नष्ट केले, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

कवी आणि चित्रकार एकच

कोलटकर हे जे. जे. कलाशाळेत शिकलेले, जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेले चित्रकार होते. अक्षराचे वळण, पानावरची मोकळी जागा, पुस्तकाचा आकार या त्यांच्या दृष्टीने छापखान्यावर सोपवून देण्याच्या बाबी नव्हत्या. १९७६ साली चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ ही प्रकाशनसंस्था काढली. तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरांनीच सिद्ध केली आणि ‘जेजुरी’ तिथूनच बाहेर पडले. त्यातील एका कवितेत देऊळ आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान कोंबड्यांचा नाच कवीला दिसतो. ते दृश्य त्याने शब्दांत सांगितले नाही, तर शब्दच पानभर वर-खाली उडवून दाखवले. अशी कविता सरळ ओळींत उतरवून घेतली, तर तिचा अर्थ राहील. ती कविता राहणार नाही. समास छाटलेल्या प्रतीतही तिचे अंगण आखूडच झालेले असते.

शिवाय हा कवी मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लिहिणारा, एकच कविता दोन्हींत घडवणारा. पुस्तके काढण्याची त्यांना घाई नव्हती. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आले; पुढचे मराठी संग्रह ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ थेट २००३ साली. सप्टेंबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मधल्या काळातील अनियतकालिके चक्रमुद्रित, हलक्या कागदावरची होती. हा कागद हाताळताच तुटतो. तो आणखी किती पावसाळे काढील?

इतरांनी काय केले?

ज्याच्या कवितेतून चित्र वेगळे काढताच येत नाही, अशा कवीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडचा विल्यम ब्लेक (१७५७–१८२७). तांब्याच्या पत्र्यावर उलट्या अक्षरांत कविता आणि तिच्याभोवतीची चित्रे तो स्वतः काढी, आम्लाने पत्रा कोरी, छापी, आणि पत्नीच्या मदतीने एकेक प्रत हाताने रंगवी. परिणामी त्याच्या एका पुस्तकाच्या दोन प्रती कधीही सारख्या नसतात. या प्रती इंग्लंड-अमेरिकेतील संग्रहालयांत विखुरलेल्या. १९९६ पासून अमेरिकेतील विद्यापीठीय अभ्यासकांनी त्या संगणकावर एकत्र आणल्या. रंग मूळ प्रतीशी ताडून घेतले, प्रत्येक चित्राचे शब्दांत वर्णन केले, आणि एकाच कवितेच्या निरनिराळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय केली. आज वरठीतला विद्यार्थी मोबाइलवर ब्लेकची रंगीत पाने पाहू शकतो. कोलटकरांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहायला मात्र त्याला नागपूर गाठावे लागते, आणि तिथेही ते नसते!

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर कोलकात्याने दिले आहे. रवींद्रनाथांना हस्तलिखितातील खोडलेल्या ओळींमधून चित्रे उभी करण्याची सवय होती आणि त्यांच्यातल्या चित्रकाराचा उगमच तिथे आहे. छापील आवृत्तीत ही खोडाखोड अर्थातच येत नाही. जादवपूर विद्यापीठाने रवींद्रनाथांच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने केंद्राच्या साहाय्याने काम हाती घेतले आणि २०१३ मध्ये ‘बिचित्रा’ हा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला केला. हस्तलिखिते आणि छापील आवृत्त्या मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार पाने त्यात आहेत, आणि एका कवितेचे सारे पाठ ताडून पाहण्याची सोयही आहे. बंगालीला जे साधले, ते मराठीला का साधू नये?

अडचणी खऱ्या, पण अलंघ्य नव्हेत

पहिली अडचण कायद्याची. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क २००१ अखेर संपला होता. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क कायम राहतो. म्हणजे कोलटकरांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. वारसांची आणि प्रकाशकांची संमती न घेता असा संग्रह उभारणे बेकायदा तर होईलच, शिवाय अनुचितही ठरेल. तथापि २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत त्याच्यापाशी असल्यास, जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ती सर्वांना खुली करण्याचा प्रश्न संमतीने सुटेल. पण प्रत आज घेतली नाही, तर २०६५ साली खुले करण्यासारखे काही उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या वाचनालयांना अनुदानाची वाट पाहावी लागते, त्यांच्यापुढे हा विषय काढणे शोभते काय? उत्तर असे की वंचिताला याची गरज अधिक आहे. मुंबईच्या अभ्यासकाला संग्राहकांची घरे जवळ आहेत. इथून मुंबई सुमारे नऊशे किलोमीटर दूर आहे. ज्याला मूळ प्रत कधीच दिसणार नाही, त्याच्यासाठीच तर तिची निर्दोष प्रतिमा हवी.

आणि निर्दोष म्हणजे काय, हेही स्पष्ट असावे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ संगणकावर आणण्याचे मोलाचे काम केले आहे. पण चित्रकवीसाठी काळ्या-पांढऱ्या पानांची जंत्री पुरत नाही. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसह, शेजारी रंगपट्टी ठेवून घेतलेली प्रतिमा. शोधता येईल असा मजकूर. आणि चित्राचे मराठीत वर्णन, एवढे किमान हवे. वसंत आबाजी डहाके यांच्यासारखे कवी-चित्रकार विदर्भाने दिले आहेत. त्यांच्यासारख्यांच्या रेखाटनांनाही अशा संग्रहात हक्काची जागा मिळावी.

दोन सूचना

यासाठी नवी संस्था नको. मराठी भाषा विद्यापीठ आता अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला उभे आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांना तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा जुळवावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते, आजचे पाठभेद ही त्या नाशाची किंमत आहे. त्या भूमीतल्या विद्यापीठाला जतनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. त्याने पुढाकार घ्यावा, चित्रांच्या बाजूसाठी जे. जे. ची मदत घ्यावी, वारस आणि प्रकाशकांना सन्मानाने सोबत बसवावे. काम एखाद्या हौशी व्यक्तीवर सोडू नये. हौस संपली की संकेतस्थळही संपते.

दुसरी सूचना बिनखर्चाची आहे आणि ती उद्याच अमलात येऊ शकते. ग्रंथालय संचालनालयाने एक परिपत्रक काढावे: बांधणीला पुस्तक देताना मुखपृष्ठ फेकू नये, ते आत चिकटवून बांधावे, समास छाटू नये.

त्या दिवशी परतीच्या गाडीत ती विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. ‘जेजुरी’ हे पुस्तक रेल्वे स्थानकावर येऊन संपते. भंडारा रोडच्या फलाटावर उतरताना तिने विचारले, ‘सर, वर चित्र कसलं असेल?’ एका मराठी कवीच्या पुस्तकाविषयी विचारलेल्या या साध्या प्रश्नाला शिक्षकाजवळ तरी उत्तर असावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.