मोबाईलवरचा वैद्य

मैत्रिणींनो, मोंढ्यातला व्यापारी कापूस हातात घेऊन पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. मग मोबाईलवर आलेला औषधाचा सल्ला आपण न पारखता का घ्यायचा? लिहिणारा कोण, तारीख कोणती, शेवटी काही विकायचंय का, एवढं आधी बघा. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने तिला बंदीच आहे. तिच्यावर विसंबून सासूबाईंची शुगरची गोळी बंद केली, तर जिवावर बेतायचं! सरकारच्या ‘ई-संजीवनी’वर घरबसल्या डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. वाचलेलं वहीत टिपून ठेवा, अन् गोळी बदलायची की नाही, ते डॉक्टरांनाच विचारा.