४४३ धावा क्षणभर बाजूला ठेवू या

मेहरूण तलावाकाठी खेळणाऱ्या मुलांनी भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव ऐकले असलेच, तर ते एका आकड्यामुळे. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान, काठियावाडविरुद्ध महाराष्ट्र. निंबाळकर नाबाद ४४३, संघ ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम ९ धावांवर होता. उपाहाराला काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला.

ही कथा सर्वांना आवडते. मला मात्र वाटते की तिनेच निंबाळकरांचे मूल्यमापन बिघडवले आहे. आपण त्या ९ धावांसाठी हळहळतो. त्यांना खेळायला किती मिळाले, हे कोणी विचारत नाही.

कारकीर्द १९३९-४० ते १९६४-६५. प्रथम श्रेणीचे सामने ८०, धावा ४,८४१, शतके १२, सरासरी ४७.९३. आता ४४३ वजा करून पाहा. ती खेळी नाबाद होती, म्हणून भाजक १०१ च राहतो आणि सरासरी ४३.५ वर येते. म्हणजे एका दिवसाच्या चमत्कारावर उभा राहिलेला हा फलंदाज नव्हे.

पण २५ वर्षांत ८० सामने, म्हणजे वर्षाला जेमतेम ३! त्याच पिढीतील विजय हजारे २३८ प्रथम श्रेणी सामने खेळले. हा फरक केवळ गुणवत्तेचा मानणे घाईचे होईल. १९५६-५७ पर्यंत रणजी करंडक बाद पद्धतीने होई: संघ पहिल्याच सामन्यात हरला की मोसम संपला. ज्यांना कसोटी आणि परदेश दौरे मिळाले, त्यांचे सामने त्यांतून वाढले. वाढलेल्या सामन्यांतून नाव झाले, आणि नावावरून पुढचा दौरा. आकडेवारीचा तक्ता हे चक्र दाखवत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो दस्तऐवजासारखाच वाचावा: लिहिले काय आहे, आणि लिहिण्याची संधीच कोणाला मिळाली नाही.

निवड समितीची बाजूही मांडायला हवी. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत रुसी मोदींनी ५६० आणि हजारेंनी ५४३ धावा केल्या. मधल्या फळीत जागा कुठे होती? शिवाय काठियावाडची गोलंदाजी म्हणजे काही वेस्ट इंडीजचा मारा नव्हे. त्या मोसमातील वगळणे मला अन्याय वाटत नाही.

अडचण पुढच्या वर्षांची आहे. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, बस्स. अधिकृत एकही नाही. जून १९५२ मध्ये लीड्सवर भारताची अवस्था ४ बाद ० झाली, तेव्हा निंबाळकर ३२ वर्षांचे होते. त्यानंतरही ते १२ वर्षे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळत राहिले.