गोरेवाड्याचे वाघ आणि फ्लूच्या आठ फाइल्स

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर निघाला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. बातमी आली तेव्हा आमच्या इतवारीत एकच चर्चा, "आता चिकन खायचं की नाही?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधीचा प्रश्न असा, की पक्ष्यांचा विषाणू वाघात पोचलाच कसा?

ओळखीचा रस्ता म्हणजे खाणं. थायलंडमधल्या एका व्याघ्र प्राणिसंग्रहालयात २००४ साली कच्च्या कोंबड्यांमधून हीच साथ आली. ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. गोरेवाड्यातही संशय खाद्यावरच गेला.

आता आतली गोष्ट. मी कोड लिहितो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. फ्लूचा जीनोम म्हणजे आरएनएच्या आठ वेगवेगळ्या फाइल्स. कॉपी होताना त्यात टायपो पडतात आणि ते दुरुस्त करणारं कोणी नसतं. बहुतेक टायपोंनी विषाणूच बिघडतो. एखादा मात्र कामाचा निघतो. उदाहरणार्थ, पीबी२ प्रथिनात ६२७ व्या जागी लायसिन आलं, की सस्तन प्राण्यांच्या पेशीत वाढणं त्याला सोपं जातं. शिवाय एकाच पेशीत दोन फ्लू भेटले, तर फाइल्सची अदलाबदलही होते.

ऑस्ट्रेलियातल्या कोआलांचा रेट्रोव्हायरस याच्याही पुढचा. तो आपला कोड प्राण्याच्या डीएनएतच पेस्ट करतो. बीजपेशीत शिरला की पिल्लांना वारशाने मिळतो. क्वीन्सलँडच्या जवळपास सगळ्या कोआलांत तो आहे. तिथे डिलीटचं बटणच नाही.

फ्लू असा वारशात जात नाही. त्याला प्रत्येक वेळी नवा प्राणी लागतो, म्हणूनच साखळी तोडता येते. खाद्याची आधी तपासणी, मेलेल्या पक्ष्यांची नोंद आणि जीनोम वाचून माहिती लगेच खुली करणं, एवढं तरी हवंच. वाघ मेल्यावर आलेला अहवाल म्हणजे सर्व्हर बंद पडल्यावर वाचलेला लॉग.

आणि चिकनचं? ७० अंशांवर नीट शिजलं की विषाणू टिकत नाही, आणि उकळता सावजी रस्सा त्याहून गरम असतो. जपायचं ते कच्चं मांस हाताळताना. वाघाला मात्र कोणी शिजवून देत नाही. त्याच्या वाट्याची काळजी आपणच घ्यायची आहे.