भिंत रंगवून झाली, पुढे?

सॅलरी स्लिप मी सहसा उघडत नाही. पगार जमा झाल्याचा एसएमएस आला की विषय संपला. पण जूनची स्लिप टॅक्सच्या भानगडीत उघडावी लागली आणि एका ओळीवर अडकलो. एलडब्ल्यूएफ, २५ रुपये. शेजारच्या मित्राला विचारलं, तर म्हणाला, "असेल काहीतरी. २५ रुपयांसाठी काय डोकं लावतोस?"

डोकं लावलं. हा निघाला कामगार कल्याण निधी. दर जून आणि डिसेंबरमध्ये आपल्या पगारातून २५ रुपये कापतात, कंपनी वर ७५ घालते आणि ते पैसे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातात. २०२४ पर्यंत आपला वाटा १२ रुपये होता. म्हणजे गळ्यात आयडी कार्ड घालून एसीत बसणारे आपणही सरकारदरबारी कामगारच की! मला तर जाम गंमत वाटली.

माझं हापिस वागळे इस्टेटमध्ये आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ही. तेव्हा इथे कारखाने होते, भोंगे होते, युनियन होती. माणूस कारखान्यात चिकटला की त्याच्या घराला थोडाफार आधार मिळायचा. आजारपणाला कामगार विम्याचा दवाखाना, अडचणीला पतपेढी, पोरांना कल्याण केंद्रातलं वाचनालय. फार भारी नसेल, पण होतं. पुढे कारखाने एकेक करून बंद झाले आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्यातल्याच एकीत मी बसतो. रिक्षावाला अजूनही "कामगार हॉस्पिटल, कामगार हॉस्पिटल" ओरडतो आणि आपण त्याच्याकडे फक्त स्टॉपचं नाव म्हणून बघतो.

कारखाने गेले तरी त्यांच्या आधाराने वसलेली माणसं गेली नाहीत. ती किसन नगरात, इंदिरानगरात, लोकमान्य नगरात, हाजुरीत आहेतच. त्यांचीच पुढची पिढी आपल्या इमारतीत सिक्युरिटीला उभी असते, कँटीनमध्ये ताटं विसळते, जेवण घेऊन बाईकवरून येते. फरक इतकाच की आता यांचा मालक रोज बदलतो आणि जुना आधार तुटलाय. मग अशा ठिकाणी कोण उभं राहतं? लहान लहान संस्था.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. फार अभिमानाची नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीचा 'स्वयंसेवा दिवस' होता. चाळीसेक जण, एकसारखे टी-शर्ट, एक बस. जवळच्याच वस्तीतल्या एका अभ्यासिकेच्या भिंती रंगवायच्या होत्या. रंगवल्या. फोटो काढले, समोसे खाल्ले. निघताना अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंना मी उत्साहाने म्हटलं, "मस्त झाली ना भिंत?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "छानच झाली हो. तीन वर्षांत तिसऱ्यांदा रंगवली. भिंत रंगवायला माणसं पुष्कळ मिळतात. दहावीच्या मुलांना जून ते मार्च गणित शिकवायला कुणी मिळतं का बघा."

लागलं मनाला. म्हटलं, मी येतो दर शनिवारी. पाच शनिवार गेलोही. मुलं हुशार होती, मजा येत होती. वर्गसमीकरणं सुरू केली आणि इकडे आमचं रिलीज आलं. सहाव्या शनिवारी फोन करून सांगितलं, सातव्या शनिवारी मेसेज केला. आठव्याला तेही नाही.

डिसेंबरमध्ये चहाच्या टपरीवर त्यातला एक मुलगा भेटला. "सर, तुमचं ते प्रोजेक्ट संपलं का?" टोमणा नव्हता हो तो. खरंच विचारत होता. बिचाऱ्यांनी अर्ध्यावर सोडलेला धडा तसाच ठेवला होता, सर येतील म्हणून. त्यापेक्षा मी गेलोच नसतो तर बरं झालं असतं. निदान त्यांनी दुसरं कुणीतरी शोधलं असतं.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते जरा ठासूनच मांडतो. अशा संस्थांना आपल्या उत्साहाची गरज नाही, आपल्या नियमितपणाची आहे. उत्साहाचं काय, तो दर स्वातंत्र्यदिनाला फुकट मिळतो.

आपल्याच ठाण्यातली जी कामं उभी राहिली, ती बघा. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका मिळून ती चालवतात. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणारी मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून शाळाच कंटेनरमध्ये बसवून त्यांच्यापाशी नेली. कल्पना भन्नाट आहे, पण नुसत्या कल्पनेवर शाळा चालत नाही. रोज सकाळी कुणीतरी तिथे हजर असतं म्हणून ती चालते. समता विचार प्रसारक संस्था वस्त्यांमधून, हलाखीत दहावी पास होणाऱ्या मुलांना 'एकलव्य' म्हणून गौरवते आणि पुढेही त्यांच्या सोबत राहते. याच मुलांसाठी रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. मनाच्या आजारांबद्दल लोक कुजबुजतसुद्धा नव्हते, त्या काळात, १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू केली. या सगळ्यांत समान गोष्ट एकच. तीच माणसं, त्याच जागी, वर्षानुवर्षं.

आता पैशाकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी. त्याच कलमात असंही आहे की, कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. सरकारने नंतर स्पष्ट केलं की हे प्राधान्य सक्तीचं नाही. झालं! सक्ती नाही म्हटल्यावर खिडकीतून दिसणारी वस्ती कशाला दिसेल?

शिवाय कंपन्यांना हवं असतं काहीतरी नवीन. नवा संगणक कक्ष, नवी फीत, नवा फोटो. संस्थेला हवं असतं खोलीचं भाडं आणि शिक्षिकेचा पगार. अनेकांना वाटतं की पगार म्हणजे 'वरखर्च', त्याला पैसे देता येत नाहीत. चूक! नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चावर आहे. मुलांना शिकवणाऱ्या बाईंचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. आपल्याकडे सर्व्हर विकत घेऊन मेंटेनन्सला शून्य बजेट दिलं, तर आपण त्या मॅनेजरला काय म्हणू? मग इथे तेच कसं चालतं?

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारचं काम आहे. मान्य, शंभर टक्के. पण सिग्नल शाळेत महापालिका आहेच की. संस्था मागे लागते तेव्हा सरकारही हलतं, आणि मागे लागायला संस्था आधी टिकावी लागते.

मग आपण करायचं काय? पुढच्या स्वयंसेवा दिवसाची मेल आली की एचआरला एकच प्रश्न विचारा: "मागच्या वर्षी जिथे गेलो होतो, तिथेच जाणार ना?" जमेल तेवढी रक्कम, भले ५०० रुपये, पण दर महिन्याला बँकेतून आपोआप जाईल अशी व्यवस्था करा. संस्थेला पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार हे कळलं तरी तिचं अर्धं टेन्शन जातं. अ‍ॅप बनवून देऊ नका. तुम्ही गेल्यावर ते सांभाळणार कोण? हिशेबाची साधी एक्सेल नीट लावून द्या. आणि शिकवायचंच असेल तर मार्चपर्यंत जमणार आहे का, ते आधी स्वतःला विचारा. नसेल जमणार तर सरळ नाही म्हणा. त्यानेही मदत होते.

मी? ताईंकडे परत गेलो. पहिली १० मिनिटं मान खाली. त्यांनी शनिवार काही दिला नाही. म्हणाल्या, "आधी सहा महिने पावत्या आणि हिशेब बघा. टिकलात तर पुढच्या जूनमध्ये वर्ग देते."

चौथा महिना चालू आहे. बघू.