पोस्टमन नेमलाच नाही, आणि शिव्या पोस्टाला!

मंडळी, परवा ऑफिसात पुन्हा तेच रडगाणं. "फाइल शेअर केली तरी मेल जात नाही. मायक्रोसर्व्हिसेसचं हे असंच!" काय राव! आम्ही ओनक्लाउड इन्फिनिट स्केल जसंच्या तसं चालू केलं होतं, आणि त्यात नोटिफिकेशन्स सर्व्हिस आपोआप सुरू होतच नाही. जादा सर्व्हिसेसच्या यादीत तिचं नाव घालावं लागतं, मग एसएमटीपीचा होस्ट, पोर्ट, पाठवणाऱ्याचा पत्ता. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. (वाचतो कोण!)

"मग डीफॉल्टच चालू ठेवायची ना," इति टीम लीड. साहेब, आपला मेल सर्व्हर कोणता हे त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वप्नात येणार का? उलट सर्व्हिस वेगळी आहे म्हणूनच मेल बंद असूनही शेअरिंग अडलं नाही. शेअर झाल्याचा इव्हेंट नॅट्सवर पडला, मेल करायला तो उचलणारं कोणी नव्हतं, इतकंच.

पण अकाउंट्सच्या बाईंना स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं. दोन दिवस त्या ऑडिटरच्या उत्तराची वाट बघत बसल्या, आणि बोलणी खाल्ली नव्या पोरानं. डॉकर कंपोजची फाइल कॉपी-पेस्ट केली होती मी! एक टेस्ट शेअर करून इनबॉक्स बघायला दोन मिनिटं लागली असती. सोमवारी टीम लीडला हे सांगणार आहे.