एकच लॅपटॉप, दोन बिऱ्हाडे



आज पिकाचा विषय बाजूला ठेवतो. माझी पुतणी तालुक्याच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकते. घरात लॅपटॉप एकच. त्यावर थोरल्या बंधूंचा दुधाचा हिशेब आणि ठिबकच्या अनुदानाचे कागद. प्रोग्रॅम लिहिण्याच्या सरावासाठी तिला लिनक्स हवे होते, पण त्यापायी विंडोज पुसायला बंधू तयार होईनात. त्यांचेही बरोबरच होते.

यावर उपाय आहे. व्हर्च्युअलबॉक्स हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर बसवले की लॅपटॉपच्या पोटात दुसरा संगणक चालतो. यजमान विंडोज, पाहुणा लिनक्स. पाहुण्याचे सारे सामान बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे. हिशेबाला धक्का नाही.

डिस्क मात्र एसएसडी घ्यावी. फिरत्या तबकडीची स्वस्त पडते, पण तिच्यावर पाहुणा रांगत चालतो. पेन ड्राइव्हच्या नादी लागूच नये. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि पाहुण्याची एक फाइलच त्याच्या कितीतरी पुढे जाते. फॉरमॅट करताना आधीचे सगळे पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो अगोदर काढून ठेवा.

रॅम ही खळ्यासारखी, काम चालू असताना माल पसरायची जागा. ८ जीबी असेल तर पाहुण्याला ४ द्यावी. यजमानच उपाशी राहिला तर दोघेही अडकतात. मुळात ४ च असेल तर या भानगडीत पडू नये.

आता माझी चूक सांगतो. गेल्या दिवाळीत टेबल झाडताना मी डिस्कची वायर उपटली. पाहुणा चालूच होता. वायर परत लावली, पण लिनक्स काही उठेना. तीन आठवड्यांचे काम गेले. पुतणी मला एक शब्द बोलली नाही, फक्त त्या रात्री जेवायला उठली नाही.

तेव्हापासून घरात नियम केला. आधी लिनक्स पूर्ण बंद करायचे, नुसते झोपवायचे नाही. मग व्हर्च्युअलबॉक्स बंद. मग विंडोजला डिस्क सुरक्षित काढायला सांगायचे, आणि शेवटी वायरला हात. लॅपटॉपची बॅटरी बसलेली असेल तर ती आधी बदला, नाहीतर लाईट गेली की वायर उपटल्यासारखेच होते. शिवाय रोजचे काम ती संध्याकाळी गिटहबवर पाठवते, म्हणजे डिस्क गेली तरी काम राहते.

ती वायर आता तिने टेबलाच्या पायाला सुतळीने बांधली आहे. टेबल झाडायला मला मनाई आहे.